अकरा रुपयांची रद्दी

दिवाळीला आठवडा राहिला होता. शनिवारी पतसंस्थेतून जरा लवकर सुटले आणि घरी आले, तर लेकीनं सगळा माळा उतरवून ठेवलेला. नाकाला ओढणी बांधलेली, केसांत जळमटं, आणि आज आई खूश होणार याची खात्री चेहऱ्यावर. रद्दीवाला येऊन गेला होता. तिनं माझ्या हातावर तीनशे चाळीस रुपये ठेवले. मी नोटांकडं बघितलंच नाही. माळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाचं एक पोतं असायचं, त्यात घरातल्या यच्चयावत वस्तूंच्या पावत्या, वॉरंटी कार्डं, माहितीपुस्तकं. "पोतं कुठंय?" "ते पण दिलं की. सगळं जुनंच होतं गं." पुढची पाच-सात मिनिटं मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. समोरच्या वहिनी हाताला कणीक तशीच ठेवून दारात आल्या होत्या, एवढं आठवतं. न विचारता हात लावलाच कसा, कागद म्हणजे काय असतो ते कळतं का, एक कागद गेला की माणसाचं काय होतं ठाऊक आहे का, असं बरंच काही. लेक गप्प उभी राहून ऐकत होती. मग ओढणी सोडत शांतपणे म्हणाली, "आई, तो फ्रिज विकून सात वर्षं झाली. त्याचं कार्ड कुणाला दाखवणार होतीस?"

उत्तर नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की मी तिला बोललेच नव्हते. ती सगळी वाक्यं जुनी होती. कितीतरी वर्षं मी ती तोंडात धरून बसले होते, आणि ज्या माणसानं ती मला ऐकवायची होती त्यानं ती कधीच उच्चारली नव्हती. म्हणून मीच स्वतःला ऐकवत आले. परवा फक्त समोर चुकीची मुलगी उभी होती. किंवा बरोबर वयाची मुलगी, असं म्हणा.

अप्पा मिलमध्ये मागावर होते. 1877 मध्ये पहिली मिल सुरू झाल्यापासून मिलच्या पाळ्यांवर उठणारं-झोपणारं हे आमचं सोलापूर, पण माझ्या लहानपणी एकेक भोंगा गप्प होत चालला होता. आमचा भोंगा थांबला तेव्हा मी दहावीत होते. त्याआधी पहाटेच्या भोंग्याला आई उठायची, स्टोव्ह पेटवायची, मग अप्पा सायकल बाहेर काढायचे. बंद झाल्यावरही कित्येक दिवस आई त्याच वेळी उठायची आणि अंधारात नुसतीच बसून राहायची. अप्पा पाळीवरून यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची. मिल बंद झाली आणि त्यांच्या भुवया एकदम काळ्याभोर दिसायला लागल्या. मला ते कुणी दुसरेच गृहस्थ वाटायचे. मग ते अक्कलकोट रोडला एका पॉवरलूम कारखान्यात टॉवेलच्या मागावर जायला लागले, निम्म्या पगारावर. आई कडक भाकऱ्या करून विकायला लागली. आमच्या खोलीत त्या काळात कायम ज्वारी भाजल्याचा वास असायचा. आजही कुठं कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला की मला भूक लागत नाही, पोटात थोडं गलबलतं.

1996 ची दिवाळी. त्या वर्षी घरात नवीन काही येणार नाही हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. आहे तेच लख्ख करायचं असं मी ठरवलं. गाद्या उन्हात टाकल्या, डबे घासले, आणि पलंगाखालच्या 'संचार'च्या अंकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. त्यानं तराजूत टाकताना विचारलंही होतं, "ताई, बघून घेतलं ना?" मी हो म्हणाले. बघितलं नव्हतं. अकरा रुपये मिळाले. त्यातून मी रांगोळीचे रंग आणले, मोरपंखी जरा जास्त आणला, आणि दारात चादरीवर असतो तसा मोर काढला. अप्पा कामावरून आले, उंबऱ्याबाहेरच थांबले, सायकलचा स्टँडसुद्धा लावला नाही. किती तरी वेळ मोराकडं बघत म्हणाले, "झकास जमलाय गं." त्या दिवाळीतलं हे मला सगळ्यात जास्त छळतं. रंग कुठून आले ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही मोठ्या तोऱ्यात काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर युनियनची माणसं चाळीत आली. कामगारांची थकलेली देणी मागायची होती, त्यासाठी ज्याचे त्याचे कागद गोळा करणं चाललं होतं. हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाची पावती. अप्पांनी पलंगाखाली हात घातला. त्यांनी ते सगळं वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, गठ्ठ्याच्या मधोमध ठेवलं होतं. चोराला कळू नये म्हणून. हात इकडं-तिकडं फिरला, मग ते वाकले, मग गुडघ्यावर बसले. मी भाकऱ्यांच्या चवडीपाशी उभी होते. "दिवाळीत दिली," मी म्हणाले. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. हिशेब होता. आता कुणाकडं जायचं, कुणाला भेटायचं, असा. मग गुडघे झटकत उठले आणि म्हणाले, "जाऊ दे."

आमच्याकडं माफी असल्या दोन शब्दांत निपटते. 'माफ केलं' असं सोलापुरात मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, ते नाटकात म्हणतात. 'सॉरी' सिटी बसमध्ये पायावर पाय पडला तर. घरातल्या माणसाला 'जाऊ दे', 'असू दे', फार झालं तर 'जेवून घे'. आई त्या दिवशी 'जेवून घे'च म्हणाली, आणि ताटात शेंगाचटणी रोजच्यापेक्षा जास्त वाढली, वर तेल. मी जेवले. म्हणजे दोघांनीही मला दहा मिनिटांत माफ करून टाकलं होतं, हे आज दिसतं. तेव्हा वाटलं, जाऊ दे म्हणजे विषय जाऊ दे, बोलायचं नाही. मी बोलले नाही. त्यांनीही काढला नाही. एकाच खोलीत चार माणसं राहत असताना एखाद्या विषयाला इतकी वर्षं कोपऱ्यात बसवून ठेवणं सोपं नसतं, पण आम्ही ते जमवलं.

कागद गेल्यामुळं अप्पांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. बरोबर काम केलेले दोन साक्षीदार, स्टँप पेपर, मिलच्या जुन्या रजिस्टरमधून तिकीट नंबर शोधून आणणं. उन्हाळ्यात सायकलवर कचेरीच्या फेऱ्या. इथला एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. पारा 43-44 ला टेकतो आणि दुपारी एकला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ते घरी आले की डोक्याचा ओला पंचा काढून दोरीवर टाकायचे, आणि तो कधीच वाळून कडक झालेला असायचा. मी माठातलं पाणी द्यायचे. ते घटाघटा पिऊन तांब्या परत द्यायचे आणि मी तो घेऊन आत जायचे. पश्चात्ताप या शब्दात ताप आहे हे मला व्याकरणातून कळलेलं नाही, त्या पंच्यावरून कळलं. देणी दहा वर्षांनी मिळाली, तीही अपेक्षेच्या मानानं थोडी. अप्पांना पुढं पाचच वर्षं मिळाली.

मधे माझं लग्न झालं. पाठवणीच्या आदल्या दिवशी अप्पांनी एक पत्र्याची पेटी आणली. हिरवी, कडीकोयंड्याची, कुलपासकट. म्हणाले, "तुझे कागद ठेव यात. दाखले, मार्कशीट." एवढंच. आई रुखवताच्या गडबडीत होती, तिनं ऐकलंही नसेल. मी मात्र ती पेटी बघून गार पडले. हा टोमणा आहे, का माया आहे, का नुसती पेटी आहे? अप्पा टोमणे मारणाऱ्यांतले नव्हते. पण म्हणून काय झालं. तेव्हा 'अप्पा, असं का म्हणालात?' एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी नमस्कार केला आणि पेटीत मार्कशीट ठेवल्या.

माणूस चुकांमधून शिकतो म्हणतात. शिकतो, नाही असं नाही. पण काय शिकतो हे कुणी तपासत नाही. मी त्या अकरा रुपयांतून काय शिकले, तर कागद टाकायचा नाही. लग्न झाल्यापासूनची लाइटबिलं माझ्याकडं आहेत. गॅसच्या पावत्या आहेत, लेकीच्या बालवाडीच्या फीची पावती आहे, बंद झालेल्या पासबुकांची चवड आहे. पेटी भरली, मग पोतं आलं, मग दुसरं. नवरा सुरुवातीला हसायचा, नंतर माळ्यावर चढायचंच टाळायला लागला. खरं तर शिकायचं होतं ते विचारायला. देण्याआधी विचारायला, आणि दिल्यानंतरही विचारायला, की अप्पा, फार नुकसान झालं का हो? तो धडा मी वगळला. सोपा होता तो पाठ केला.

पतसंस्थेत माझ्या या पाठांतराचं कौतुकच झालं. कुठलंही व्हाऊचर मागा, मॅडमकडं असणार. काही वर्षांपूर्वी एक नवीन मुलगा लागला होता, विशीचा. त्याच्याकडून एक मंजुरीचा कागद गहाळ झाला. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच फाइलीत सापडलासुद्धा. पण तोवर मी त्याला काउंटरवर, खातेदारांसमोर, सगळं ऐकवून झालं होतं, लेखी खुलासा मागून झाला होता. लिहिताना त्याचा हात थरथरत होता आणि मी त्याच्या डोक्यावर उभी होते. आपण किती कर्तव्यदक्ष आहोत असंच मला वाटत होतं. दोन महिन्यांत तो सोडून गेला. आता नवी पेठेत एका मोबाइलच्या दुकानात असतो. मी दिसले की हात वर करून "नमस्कार मॅडम" म्हणतो, मनापासून, आणि मी हल्ली पलीकडच्या बाजूनं जाते.

हे मी माझ्या चुकांच्या यादीत कधी धरलंच नव्हतं. यादीत एकच नाव होतं, तीस वर्षांपूर्वीचं, आणि ते इतकं मोठं करून ठेवलेलं की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

ते मोठं केलेलं होतं हे मला या जानेवारीत कळलं, गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत. देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा आटपला होता. संमती कट्ट्यापाशी 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' झालं, अक्षता पडल्या, पांढऱ्या बाराबंद्यांचा लोट सात नंदीध्वजांमागून हलला, आणि आम्ही गर्दीतून सुटून होम मैदानावर आलो. लेकीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. मी खाली धुळीत थांबले, भजी तळल्याचा वास नाकात, केसांत दोन-चार अक्षता अडकलेल्या. तिथं अप्पांच्या शेजारच्या मागावर असलेले एक काका भेटले. ऐंशीच्या पुढं गेलेले, नातवाचा हात धरून आलेले. कानाला कमी ऐकू येतं, मिलनं घेतलेले कान ते. त्यामुळं मला माझं जन्माचं गुपित ओरडून सांगावं लागलं, आजूबाजूची चार माणसं वळून बघत असताना. काका, अप्पांचे कागद मी रद्दीत घातले होते हो, माझ्यामुळं त्यांचे पैसे अडकले.

काका हसायला लागले. "काय बोलूलालीस पोरी! माझ्याकडं सगळे कागद होते की. प्लास्टिकच्या पिशवीत, एकावर एक. मला तरी कुठं लवकर मिळाले? ज्या दिवशी त्याला तेव्हाच मला. त्यानं पाच-सहा चकरा जास्त मारल्या असतील, बस्स. कोर्टातच अडकलं होतं की सगळं." मग नातवानं हात ओढला आणि ते 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणत गर्दीत दिसेनासे झाले.

मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पर्स मारल्यासारखं झालं.

खरं सांगते, हे लिहायला मला लाज वाटते. एवढी वर्षं अप्पांचं म्हातारपण मी बिघडवलं असं धरून चालले होते, आणि त्यात एक मानही होता. बंद पडलेली मिल, मुंबईपर्यंत गेलेला खटला, देशोधडीला लागलेली हजारो कुटुंबं, या सगळ्यात आमच्या घरापुरतं दुःख घडवणारी मी होते. मुख्य भूमिका माझी. काकांनी दोन वाक्यांत मला तिथून उठवून मागच्या रांगेत बसवलं. माझी चूक किती होती? पाच-सहा चकरा, एक प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदारांचा एकेक खाडा. आणि तो वाळका पंचा. कमी नाही. पण एवढीच. शिवाय जपून ठेवायचे कागद रद्दीच्या गठ्ठ्यात लपवण्याची अक्कल माझी नव्हती, अप्पांची होती, हे वाक्य तर मी या जानेवारीपर्यंत मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर आधी फार अपराधी वाटलं आणि मग, चालता चालता, एकटीच फिस्सकन हसले. लेक म्हणाली, काय झालं? काही नाही म्हणाले.

कुणाला वाटेल, इथं विणकराची मुलगी आता धाग्याची गोष्ट सांगणार. तुटलेला धागा, मारलेली गाठ, पुढं चालू राहिलेलं कापड. मलाही मोह झाला होता. पण अप्पांनी मागाची कधी कविता केली नाही. ते सांगायचे, मालात डाग दिसला की पगारातून कापायचे, आणि कधी कधी तो तुकडाच गळ्यात मारायचे. आमच्या घरी असला एक तुकडा होता, मधोमध रेघ गेलेला. आई त्यात भाकऱ्या बांधायची. भाकऱ्या काही त्या रेघेतून बाहेर पडल्या नाहीत.

तर परवाची ती रात्र. झोप येईना म्हणून उठले, लेकीच्या खोलीत दिवा दिसला. दारातूनच म्हणाले, "फ्रिजचं कार्ड कुणालाच दाखवायचं नव्हतं." ती मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "माहितीय." मग मी पलंगाच्या कडेला बसून तिला मोराची गोष्ट सांगितली. अकरा रुपये, मोरपंखी रंग, सगळं. तिला मिल ठाऊक आहे ती धुराड्यापुरती, मी भोंग्यापासून सुरू केलं. तिनं पूर्ण ऐकलं, मधे एकदाही मोबाइल बघितला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आजोबांनी पेटी दिली तेव्हा तू काही बोललीस का?" नाही म्हणाले. "मग ते पण पुढं काय बोलणार?" असं म्हणून ती आडवी झाली. मुली वीस वर्षांच्या झाल्या की फार थोडक्यात बोलतात.

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी हिरवी पेटी खाली घेतली. कुलपाची किल्ली कधीच हरवली होती, कडी गंजून घट्ट बसली होती, खोबरेल घालून ठोकून उघडावी लागली. आत वरच्या थरात बिलंच बिलं. लेक एकेक काढून विचारायची, "हे?" मी म्हणायचे, "टाक." पहिली दहा-बारा म्हणताना घसा कोरडा पडत होता, पुढं सरावले. एका पावतीपाशी मात्र हात अडला, अप्पांच्या शेवटच्या दवाखान्यातल्या औषधांची. लेकीनं ती माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि काही न विचारता बाजूला ठेवली. अर्धी पेटी झाली असेल. जमिनीवर दोन ढीग, टाकायचा वाढत चाललेला, ठेवायचा वीतभर. नवी पेठेतल्या त्या मुलाचा खुलाशाचा कागद यात नाही, तो ऑफिसच्या फाइलीत आहे. पण त्याच्या दुकानात मोबाइलला काच बसवून मिळते, आणि माझ्या मोबाइलची काच कधीची तडकलीय, हे त्याच वेळी डोक्यात आलं.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "पाणी येऊलालंय!" उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून चार-पाच दिवसांआड आमच्या नळाला येतं, त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. लेक मोटार लावायला पळाली, मी घागरी घेऊन अंगणात. समोरच्या वहिनी नळी लावता लावता म्हणाल्या, "काय, भांडण मिटलं का मायलेकीचं?" मी म्हणाले, "कुठलं भांडण?" आतून लेक ओरडली, "आई, खिडकी लाव, वाऱ्यानं सगळे कागद उडायलेत!" माझ्या हातात भरत आलेली घागर होती. म्हटलं, ही भरू दे आधी.